मराठवाड्यातल्या घरात रीफ टँकचा पीएच: आधी हवा, मग पाणी, शेवटी चुन्याची निवळी

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक. नव्या रीफ टँकवाल्यांच्या घरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठरलेला प्रकार घडतो. सकाळी पीएच मोजला की ७.७ येतो. दुकानातून ‘पीएच वाढवायची’ बाटली येते. एक झाकण टाकलं की दोन तास आकडा वर, रात्री पुन्हा खाली, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक झाकण. महिनाभरात अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ती डीकेएच या एककात मोजतात) १४-१५ डीकेएचवर जाते, हीटरवर आणि पंपाच्या इंपेलरवर पांढरा कडक थर बसतो, प्रवाळ आखडून बसतात. पीएच मात्र होता तिथेच.

समुद्री पाण्याचा पीएच मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पाण्याची अल्कलिनिटी आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू खोलीतल्या हवेतून पाण्यात येतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतो, पण दारं-खिडक्या बंद असलेल्या आणि चार माणसं झोपलेल्या खोलीत हजाराच्या वर सहज जातो. अल्कलिनिटी तेवढीच ठेवून हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पीएच पाव ते ०.३ अंकाने उतरतो. म्हणजे गच्चीवर ८.२ दाखवणारं पाणी बंद हॉलमध्ये ७.९ दाखवेल, आणि पाण्यात काहीही बिघडलेलं नसेल. अशा वेळी बाटलीने काम होत नाही, म्हणून खाली हवा आधी घेतली आहे आणि रसायनं नंतर.

सगळी मापं १०० लिटर पाण्यासाठी दिली आहेत. सम्पसह (टँकला जोडलेली, पंप आणि स्किमर ठेवायची खालची टाकी) टँकमध्ये प्रत्यक्ष किती पाणी आहे ते खडक आणि वाळूची जागा वजा करून काढा, आणि त्या हिशोबाने मापं कमी-जास्त करा.

१. कोणते आकडे गाठायचे, ते लिहून टँकजवळ लावा

- पीएच: ७.९ ते ८.४. दिवस-रात्रीतला फरक ०.३ च्या आत.
- अल्कलिनिटी: ८ ते ९ डीकेएच. नैसर्गिक समुद्रात ती ७ च्या आसपास असते.
- कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम.
- मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम.
- क्षारता: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंश तापमानाला विशिष्ट गुरुत्व १.०२६४.
- तापमान: २५ ते २६ अंश.

पीएच कायम ८.० वर स्थिर असेल तर ८.३ साठी धडपडायची गरज नाही. ७.८ च्या खाली प्रवाळांना सांगाडा बांधायला जड जातं आणि ८.५ च्या वर कॅल्शियम कार्बोनेट आपोआप खाली बसायला लागतं. या दोन टोकांच्या मध्ये प्रवाळाला जास्त त्रास होतो तो चढ-उताराचाच.

२. सामान आणि कागद

- पीएच मीटर, ०.०१ पर्यंत वाचणारा. कागदी पट्ट्या घेऊ नका. त्यांच्या रंगावरून ७.८ आणि ८.२ वेगळे काढता येत नाहीत.
- ७.०० आणि १०.०१ चे कॅलिब्रेशन बफर (मीटर जुळवून घ्यायचे ठरावीक पीएचचे द्रव) आणि प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात बुडवायची कांडी, ठेवायचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत हे मिळतं. संभाजीनगर, नांदेड, लातूरला अशी दुकानं आहेत.
- अल्कलिनिटी आणि कॅल्शियमची थेंब मोजायची टेस्ट किट. दोन्हींची मुदत बघून घ्या.
- ०.१ ग्रॅम मोजणारा छोटा वजनकाटा.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप, एअरस्टोन आणि नळी.
- आरओ-डीआय पाणी (आरओ मेम्ब्रेन आणि मग डीआय रेझिनमधून काढलेलं, क्षार नसलेलं) आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा).
- प्रयोगशाळा दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हातमोजे, डोळ्यांचा चष्मा.

कागदांचा भाग नवे लोक टाळतात, पण तो आधी आटपा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या संरक्षित यादीत सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. आपल्या समुद्रातून काढलेला त्यांचा तुकडा, जिवंत असो की वाळलेला, घरी ठेवू नका. खडक म्हणून सिरॅमिकचा किंवा बनवलेला कोरडा खडक वापरा. मशरूम, झोअँथिड, लेदर असे मऊ प्रवाळ घेतानाही पक्कं बिल घ्या, आणि जीव आयात केलेला असेल तर आयात परवान्याची प्रत मागून घ्या. विक्रेता देत नसेल तर घेऊ नका. हा लेख मऊ प्रवाळांचा टँक धरूनच लिहिला आहे, आणि त्याचा पीएचशी थेट संबंध आहे: मऊ प्रवाळ अल्कलिनिटी फार कमी खातात, त्यामुळे रसायनांचा डोस जास्त होणं इथे फार सोपं असतं.

३. पाणी शून्य टीडीएसचं हवं

नळाला चार-आठ दिवसांनी पाणी, मधल्या दिवसांत बोअर, उन्हाळ्यात टँकर अशी बहुतेक घरांची स्थिती असते. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, आणि टँकर बदलला की पाणीही बदलतं. असं पाणी टँकमध्ये गेलं तर अल्कलिनिटीचा हिशोब कधीच लागणार नाही.

स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ चालत नाही. त्यात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो, शिवाय पुढे मिनरलची कार्ट्रिज असते. जारचं पाणीही शून्य टीडीएसचं नसतं. आरओ मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचा डबा लावा आणि टीडीएस शून्य येतो का ते प्रत्येक भरणीला बघा. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून पार जातो आणि रेझिन लवकर संपवतो. रेझिन सारखं संपत असेल तर आरओचं पाणी झाकण उघडं ठेवून, एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा आणि मग रेझिनमधून सोडा.

आरओच्या मागे एका लिटरला तीन-चार लिटर पाणी बाहेर पडतं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ते गटारात सोडणं बरोबर नाही. पिंपात साठवून फरशी आणि संडास-बाथरूमला वापरा. क्षार जास्त असल्यामुळे कुंड्यांना मात्र घालू नका.

एक सापळा: आरओ-डीआय पाण्याचा पीएच मोजला की ६ च्या आसपास येतो आणि लोक घाबरतात. त्या पाण्यात अल्कलिनिटीच नसते, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ नाही. मीठ मिसळा, पंप आणि एअरस्टोन लावून २४ तास ठेवा, मग मोजा. मिठाची पिशवी पावसाळ्यात ओल धरते. गठ्ठे झालेल्या मिठात अल्कलिनिटी कमी मिळू शकते, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा. मिठांच्या ब्रँडमध्येही फरक असतो. काहींचं पाणी ७-८ डीकेएच येतं, काहींचं ११-१२. नवी पिशवी उघडली की एकदा मोजून घ्या.

४. मीटरवर आधी विश्वास बसू द्या

पीएच कमी असल्याच्या कितीतरी तक्रारी मीटर लावून घेतल्यावर मिटतात. कॅलिब्रेशन ७ आणि १० वर करा. ४ चा बफर आपल्या कामाचा नाही. बफर एका छोट्या वाटीत ओतून घ्या, वापरून झाला की फेकून द्या, बाटलीत परत ओतू नका. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी उघडलेल्या बाटलीवर भिस्त ठेवू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते. बफरवर लिहिलेला आकडा २५ अंशांचा असतो. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असताना तो बफर खरोखर १०.०१ नसतो. ३० अंशांला तो ९.९७ च्या आसपास आणि ४० ला ९.८९ च्या आसपास असतो. बाटलीच्या मागे हा तक्ता छापलेला असतो. बफरची वाटी थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून २५ अंशांवर आणा, किंवा तक्त्यातला आकडा धरा.

पडताळणीसाठी टंकणखार, म्हणजे बोरॅक्स, उपयोगी पडतो. प्रयोगशाळा दर्जाचा बोरॅक्स १.९ ग्रॅम घेऊन शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवा आणि एकूण अर्धा लिटर करा. २५ अंशांला त्याचा पीएच ९.१८ यायला हवा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातला फुलवलेला टंकण घेऊ नका. त्यातलं पाणी उडालेलं असतं, वजनाचा हिशोब चुकतो. मीटर ९.१ ते ९.२५ दाखवत असेल तर तो कामाचा आहे.

प्रोब कोरडा ठेवायचा नाही आणि साध्या किंवा आरओ पाण्यातही बुडवून ठेवायचा नाही. टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण हवं. महिन्याला एकदा कॅलिब्रेशन करा. पांढरा थर दिसला की पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटं बुडवून धुवा. प्रोब साधारण दीड-दोन वर्षांत थकतो. आकडा स्थिर व्हायला मिनिटभराहून जास्त लागायला लागला की बदला.

५. दोन दिवस काहीही न टाकता मोजा

दिवे लागायच्या आधी, दुपारी, दिवे बंद व्हायच्या आधी आणि झोपताना, अशी रोज चार वेळा मोजणी करून वहीत लिहा. शेजारी खिडकी उघडी होती की बंद, एसी चालू होता का, लाइट गेली होती का, हेही लिहा. नुसत्या आकड्यापेक्षा या नोंदींतून जास्त कळतं.

दिवे चालू असताना प्रवाळांमधली शैवालं कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणून पीएच चढतो. रात्री सगळे जीव तो सोडतात, म्हणून उतरतो. पहाटेचा ७.९ आणि संध्याकाळचा ८.२ हे निरोगी टँकचं लक्षण आहे. एकाच वेळेचा आकडा दुसऱ्याच वेळेच्या आकड्याशी ताडून बघितला की घोळ होतो.

६. अल्कलिनिटी जागेवर आणा

टेस्ट किटने दोनदा मोजा. ७ ते १० च्या आत असेल तर पुढच्या पायरीला जा. ७ च्या खाली असेल तर आधी ती वर घ्या, कारण कमी अल्कलिनिटीत चांगली हवासुद्धा पीएच वर आणू शकत नाही.

१०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा किंवा १.९ ग्रॅम सोडियम कार्बोनेट लागतं. दोन्हींत फरक आहे. खाण्याच्या सोड्याने पीएच तात्पुरता किंचित उतरतो, कार्बोनेटने वाढतो. पीएच कमी असलेल्या टँकला कार्बोनेट बरं.

ते घरी करता येतं. १०० ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये १८०-२०० अंशांवर तासभर ठेवा. गार झाल्यावर वजन करा: ६३ ग्रॅम भरलं तर काम झालं. ७० भरलं तर अजून अर्धा तास ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, कार्बोनेट ते खातं. बेकिंग पावडर, इनो आणि वासाचा धुण्याचा सोडा यांपैकी काहीही वापरू नका. पिशवीवर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं हवं.

मोजलेली पावडर अर्धा लिटर आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून सम्पमध्ये जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू सोडा. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

अल्कलिनिटी खाली का गेली, तेही शोधा. नायट्रेट ५० पीपीएम साठलं की तेवढं तयार होताना साधारण २.३ डीकेएच खर्च झालेली असते. जास्त खाऊ घालणं आणि पाणी न बदलणं हे बहुतेक वेळा मूळ असतं. वाळूवर विसंबू नका. ॲरागोनाइटची वाळू पीएच सांभाळते असं सांगितलं जातं, पण पीएच ७.८ च्या वर असताना ती जवळजवळ विरघळतच नाही.

७. हवेची चाचणी: एक बरणी, एक एअर पंप, दोन तास

ही चाचणी सकाळी दिवे लागायच्या आधी करा. तेव्हा पीएच सगळ्यात खाली असतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर काही करायला तीच वेळ बरी.

टँकमधलं एक लिटर पाणी काचेच्या बरणीत घ्या, पीएच लिहा. बरणी गॅलरीत किंवा गच्चीवर सावलीत नेऊन बॅटरीच्या पंपाने तासभर हवा द्या. पुन्हा मोजा. मग टँकमधलं नवं एक लिटर घेऊन तेच हॉलमध्ये करा.

बाहेर पीएच ०.२ किंवा जास्त चढला आणि आत जवळपास तेवढाच राहिला, तर दोष खोलीतल्या हवेचा. दोन्हीकडे चढला, तर खोलीची हवा ठीक आहे पण टँकमध्ये ती पुरेशी मिसळत नाही. कुठेच चढला नाही, तर अल्कलिनिटीची किट किंवा मीटर पुन्हा तपासा.

८. हवा दुरुस्त करा

दोन्हीकडे चढत असेल तर उपाय स्वस्त आहे. धूळ पडू नये म्हणून वर काच झाकलेली असते, ती काढा आणि जाळी लावा. पंपाचं तोंड वर वळवा, पृष्ठभाग सतत हलता दिसला पाहिजे. स्किमर म्हणजे हवेचा फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. त्याची हवेची नळी आणि तिचं बारीक तोंड मिठाने आणि धुळीने बुजतं. दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्याने धुवा. एवढ्याने बऱ्याच टँकचा पीएच ०.१ ने वर येतो.

खोलीच्या हवेचा दोष असेल तर पहिला उपाय समोरासमोरच्या दोन खिडक्या. टँक स्वयंपाकघराला लागून असेल तर स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट चालू ठेवा, कारण जळणारा गॅस कार्बन डायऑक्साइडच सोडतो. गणपती-दिवाळीत घर माणसांनी भरलं की पीएच उतरतो. त्या चार दिवसांत डोस वाढवू नका, खिडकी उघडा.

एसी आणि कूलरचा परिणाम उलट आहे. एसी खोली बंद करून तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून कूलरच्या खोलीतला टँक पीएचच्या बाबतीत सुखात असतो. अर्थात टँकमधलं पाणी गार ठेवायला त्याचा भरवसा धरू नका.

खिडकी उघडणं शक्य नसेल तर स्किमरची हवेची नळी बाहेर न्या. नळी तीन मीटरपेक्षा लांब असेल तर १२ मिलिमीटरची जाड नळी घ्या आणि फक्त स्किमरजवळ बारीक करा, नाहीतर हवा खेचली जात नाही आणि फेस पडणं थांबतं. बाहेरचं तोंड खाली वळवा म्हणजे पाऊस शिरणार नाही, आणि बारीक जाळी बांधा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी आठवड्यात तोंड चिखलाने लिंपून टाकते. नळी रस्त्याच्या आणि पार्किंगच्या बाजूला काढू नका. डासांच्या धुरळणीची गाडी येते त्या संध्याकाळी नळी आत घ्या. त्या धुरातली कीटकनाशकं कोळंबी आणि खेकड्यांना मारतात. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर उलट करायचं, नळी बाहेरच ठेवायची.

सोडा लाइमचा डबा हा पुढचा उपाय. ऑपरेशन थिएटरच्या भूल यंत्रात वापरतात तेच हे दाणे, सर्जिकल दुकानात मिळतात. स्किमरकडे जाणारी हवा या डब्यातून गेली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दाणे संपले की पांढऱ्याचे जांभळे होतात. इथे दोन गोष्टी सांभाळा. जांभळे दाणे बाजूला ठेवले की काही तासांत पुन्हा पांढरे दिसू शकतात, पण त्यांची ताकद परत आलेली नसते. त्यामुळे संपलेले दाणे लगेच फेका. आणि कोरडे पडलेले दाणे नीट काम करत नाहीत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डब्याला स्किमरच्या कपातली ओलसर हवा परत जोडा, म्हणजे दाणे टिकतातही जास्त.

सम्पमध्ये जागा असेल तर केटो शैवाल (दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं शैवाल) लावून त्याचा दिवा टँकच्या उलट वेळी, रात्री लावा. पहाटेची घसरण कमी होते.

९. चुन्याची निवळी

हवा सुधारूनही सकाळचा पीएच ७.९ च्या खाली राहत असेल, तरच हे. चुन्याची निवळी अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही प्रमाणात देते आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच वाढवते. नीट वापरली तर यापेक्षा चांगलं काही नाही. निष्काळजीपणे वापरली तर एका रात्रीत टँक संपवते.

पानाचा चुना आणि रंगाचा चुना वापरू नका. त्यांत मॅग्नेशियम, माती आणि इतर धातू किती आहेत हे कळायला मार्ग नसतो.

अ) आधी टँक रोज किती अल्कलिनिटी खातो ते काढा. काहीही न टाकता पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी एकाच वेळी मोजा. समजा ८.४ ची ७.८ झाली. तीन दिवसांत ०.६, म्हणजे रोज ०.२ डीकेएच.

आ) एक लिटर आरओ-डीआय पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड टाका, घट्ट झाकणाच्या बाटलीत हलवा आणि काही तास निवळू द्या. साधारण दीड ग्रॅम विरघळतं, बाकी तळाशी बसतं. वर पांढरी साय येते, ती हवेशी संयोगाने बनते. मधलं नितळ पाणी घ्या, साय आणि गाळ नको. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा, कारण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यात गेली तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

इ) एक लिटर पूर्ण निवळी १०० लिटरमध्ये साधारण १.१ डीकेएच आणि ८ पीपीएम कॅल्शियम वाढवते. म्हणजे रोज ०.२ साठी १८० मिलिलिटरच्या आसपास पुरे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण परदेशी मार्गदर्शकांत ‘उडालेलं सगळं पाणी निवळीने भरा’ असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे कोरड्या हवेत, वर पंखा लावलेल्या उघड्या १०० लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी उडू शकतं. ते सगळं पूर्ण निवळीने भरलं तर दिवसाला २.३ डीकेएच जाईल, गरज आहे ०.२ ची. उडालेल्या पाण्यासाठी साधं आरओ-डीआय वेगळं भरा, निवळीचा डोस वेगळा ठेवा.

ई) पहिले तीन दिवस हिशोबाच्या निम्मा डोस द्या. ९० मिलिलिटर निवळी आरओ-डीआयने ५०० मिलिलिटर करा आणि रात्री आठ तासांत थेंबाथेंबाने सम्पमध्ये सोडा. मेडिकलमधला सलाईनचा सेट यासाठी उत्तम. २० थेंबांना एक मिलिलिटर असा नेहमीचा सेट असेल तर मिनिटाला २० थेंब ठेवायचे. भांड्यातली पातळी उतरली की थेंब मंदावतात, त्यामुळे झोपताना एकदा मोजून घ्या. चाकाखालची नळी चुन्याने बुजते, सेट दर पंधरा दिवसांनी बदला. थेंब पंपाच्या प्रवाहात पडू द्या, पण पीएच प्रोबपासून लांब.

उ) चौथ्या दिवशी अल्कलिनिटी आणि सकाळचा पीएच बघा. अल्कलिनिटी वाढत असेल तर डोस कमी करा, पीएच कितीही खाली असला तरी. निवळीचं प्रमाण अल्कलिनिटी ठरवते. पीएच वर येणं हा तिचा वरकड फायदा.

१०. लाइट गेल्यावर

पंप थांबले की पाणी हलत नाही, ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच झपाट्याने खाली येतो. इन्व्हर्टरवर आधी रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी टँकमध्ये परत पाठवणारा) किंवा प्रवाहाचा पंप घ्या, हीटर आणि दिवे नको. इन्व्हर्टर नसेल तर लाइट जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप लावून ठेवा.

सलाईनचा सेट लाइट गेली तरी थांबत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सम्पचं पाणी स्थिर आणि वरून निवळी पडतेय, अशा वेळी त्या कोपऱ्यातला पीएच ९ च्या पुढे जातो, आणि पंप सुरू होताच ते सगळं टँकमध्ये जातं. नळीत लाइट गेल्यावर बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवा किंवा इन्व्हर्टरवर न जोडलेला डोसिंग पंप वापरा. पिना दाबायचे टायमर लाइट गेली की थांबतात आणि रोज तेवढे मागे पडतात. त्यामुळे रात्रीचा डोस हळूहळू दिवसा जायला लागतो, जेव्हा पीएच आधीच वर असतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

११. ऋतू बदलला की पुन्हा मोजा

जून-जुलैत पाऊस लागला की खिडक्या बंद होतात, तेव्हा पीएच उतरतो. परभणी-हिंगोलीकडच्या डिसेंबरच्या गारठ्यात रात्रभर घर बंद राहतं. वर्षातले सगळ्यात कमी सकाळचे आकडे तेव्हा येतात. उन्हाळ्यात कूलर लागताच चढतो. प्रत्येक बदलाला दोन दिवसांची मोजणी आणि हवेची चाचणी पुन्हा करा, मगच डोसला हात लावा.

१२. पीएच ८.६ च्या वर गेला तर

कारणं बहुधा तीनच: निवळी जास्त पडली, सिमेंटचा बनवलेला खडक नीट न भिजवता टाकला, किंवा शैवाल माजलं असून दिवे दहा-बारा तास चालू आहेत. सिमेंटचा खडक पाणी बदलत काही आठवडे भिजवावा लागतो. बादलीतल्या ताज्या पाण्याचा पीएच दोन-तीन दिवस ८.४ च्या खाली राहिला की मगच टँकमध्ये ठेवा.

निवळी जास्त पडून पाणी दुधाळ झालं असेल तर पहिली गोष्ट, नळी बंद करा. दोन एअरस्टोन लावा, खिडक्या बंद करा. या एका प्रसंगी खोलीतला कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. पीएच ८.८ च्या वर असेल तर बाटलीतला साधा सोडा वापरा. त्यात चव, साखर, मीठ काही नको, नुसतं कार्बोनेटेड पाणी हवं. १०० लिटरला १६० मिलिलिटर सोडा पीएच साधारण ०.३ ने उतरवतो. निम्मा सोडा सम्पच्या प्रवाहात सोडा, अर्ध्या तासाने मोजा, मग उरलेला. सोड्याने ऑक्सिजन वाढत नाही, त्यामुळे एअरस्टोन चालूच ठेवा. व्हिनेगरचा अंदाजपंचे डोस देऊ नका.

दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी आणि कॅल्शियम मोजा. दुधाळपणा म्हणजे दोन्ही एकत्र खाली बसलेले असतात, त्यामुळे आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतात. लगेच भरून काढू नका. २० टक्के पाणी बदला, पंप उघडून इंपेलर व्हिनेगरच्या पाण्यात धुवा, आणि निवळी पुन्हा सुरू करायच्या आधी पाचवी पायरी पहिल्यापासून करा.